जुनी व्हॅन तापते? काट्याच्या आधी पाणी बघा

ओम्नी असो, वर्सा असो, पहिल्या लॉटमधली इको असो नाहीतर अजून कुणाच्या दारात मॅटाडोर उभी असेल, गाडी तापायला लागली की आपल्याकडं काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी रेडिएटर बदलतात, मग वॉटर पंप, मग कुणीतरी सांगतं थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी व्हॉल्व्ह) काढून टाक आणि फॅन डायरेक्ट कर, आणि एवढा खर्च झाल्यावर कळतं की रेडिएटरच्या टोपणाचं रबर गेलं होतं. म्हणून इथं सगळं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, कारण पुढच्या टप्प्याची तपासणी मागचा टप्पा नीट झाला असेल तरच खरी निघते.

एक गोष्ट आधी डोक्यात फिट करा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा सगळ्यात शेवटी बोलतो. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो, पाणी निघून गेलं की सेन्सर वाफेत नाहीतर नुसत्या हवेत राहतो आणि काटा चक्क खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो बरं झालं, थंड झाली, आणि त्याच वेळी आत हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, भाजत असतं. शिवाय बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळं प्रश्न या क्रमानं विचारायचे: पाणी आहे का, ते टिकतंय का, त्याच्यावर हवा येतेय का, ते फिरतंय का, आणि मग शेवटी काटा खरं बोलतोय का.

## टप्पा १: तयारी

सगळी तपासणी थंड इंजिनवर, म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना सकाळी. दुपारी गॅरेजसमोर उभी करून "जरा बघ रे" म्हणण्यात काही अर्थ नाही, गरम गाडीचं टोपण उघडता येत नाही आणि पातळी पण खरी दिसत नाही.

जवळ ठेवा: हातातली बॅटरी म्हणजे टॉर्च, जाड सुती फडकं, हातमोजे, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ चा पाना, ५-६ लिटर बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं कुलंट, वापरलेलं कुलंट धरायला जुनं घमेलं, आणि जमलं तर इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक. होस पाईपच्या एक-दोन जादा क्लिपा पण घ्या, जुनी क्लिप उघडली की परत नीट बसेलच असं नाही.

यातल्या बऱ्याच व्हॅनमधे इंजिन पुढच्या सीटखाली असतं, ते उघडायला सीट उचलावी लागते. मॅट, गोधड्या, देवाची पिशवी, टायरचा पाना, जे काय सीटखाली कोंबलंय ते सगळं बाहेर काढा. अर्ध्या गाड्यांत सीटखालची गळती दिसत नाही ती या पसाऱ्यामुळंच.

सावधान: इथिलीन ग्लायकॉलचं कुलंट विषारी असतं आणि चवीला गोड. घमेल्यात काढलेलं कुलंट अंगणात ठेवू नका, कुत्रं किंवा पोरं तोंड लावतील. गटारात किंवा शेताच्या पाटात पण ओतायचं नाही.

## टप्पा २: कधी तापते ते आधी लिहून काढा

हा टप्पा सगळे सोडतात, आणि फुकटातला सगळ्यात कामाचा हाच. मिस्त्रीकडं जाऊन नुसतं "गाडी तापती" सांगितलं तर तो अंदाजानंच पार्ट बदलणार, त्याचा तरी काय दोष.

गाडी उभ्या ट्रॅफिकमधे तापते, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगत जाताना तापते, पण कराड-सातारा हायवेला ६० च्या स्पीडनं थंड राहते, असं असेल तर पहिला संशय फॅनवर किंवा रेडिएटरच्या समोर अडकलेल्या कचऱ्यावर. कारण स्पीडला वारा आपोआप मिळतो, उभं राहिल्यावर फॅनशिवाय कोण वारा घालणार.

उलट गावात बरी चालते पण लांब पल्ल्याला, लोड भरल्यावर किंवा घाटात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, पंपाचा पंखा झिजलाय किंवा खालचा होस पाईप आतून मऊ होऊन ओढीनं चपटा होतोय.

कधीही, कुठंही तापते आणि मधेच काटा वरखाली नाचतो, तर पाणी कमी आहे किंवा लाईनमधे हवा अडकलीय.

गॅसवाली गाडी असेल तर अजून एक खूण. एलपीजी आणि सीएनजीच्या रिड्यूसरला, म्हणजे गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या डब्याला, इंजिनचंच गरम पाणी फिरवलेलं असतं, टी जॉइंट मारून दोन बारीक पाईप तिकडं नेलेले असतात. गाडी चालवून आल्यावर रिड्यूसरवर दव किंवा बर्फासारखा थर दिसला, तर तिथं गरम पाणी पोचत नाहीये. बऱ्याचदा काटा काही सांगायच्या आधी हे दिसतं. आणि हे टी जॉइंट म्हणजे गळतीची पण पहिली जागा.

## टप्पा ३: टोपण आणि पातळी

रेडिएटरचं टोपण म्हणजे कुकरची शिट्टीच समजा. ०.९ चं टोपण असेल तर ते साधारण तेवढे बार प्रेशर धरतं आणि त्यामुळं आतलं पाणी १०० ला न उकळता ११८ च्या आसपास उकळतं. टोपण प्रेशर धरेना झालं की हा सगळा वाव गेला. आता आपला भाग बघा: पाचगणी-महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास आहे, तिथं उघड्यावर साधं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं. थर्मोस्टॅट उघडतो ८२ किंवा ८८ ला. म्हणजे टोपण गेलेल्या गाडीला वाई-पाचगणीच्या पसरणी घाटाच्या माथ्यावर हातात जेमतेम दहा डिग्री उरतात, आणि मग माणसं म्हणतात सांगलीत ४० डिग्री उन्हात तापली नाही, इथं गार हवेत कशी काय तापली.

थंड गाडीचं टोपण काढा. रबर कडक, चिरलेलं, दबलेलं असेल तर नवीन टोपण, आणि त्यावर जो आकडा छापलाय तोच घ्यायचा. जास्त आकड्याचं टोपण लावलं की जास्त थंड राहते असं काही नसतं, जुने पाईप आणि रेडिएटरचे जॉइंट फुटतात फक्त. टोपणाच्या मधोमध एक छोटी व्हॉल्व्ह असते ती बोटानं ओढून सोडा, परत बसली पाहिजे. गाडी थंड होताना तीच रेडिएटरला नळीनं जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी आत ओढून घेते.

तपासा: रात्रभर उभ्या गाडीत बाटली भरलेली आहे पण रेडिएटर तोंडापासून खाली रिकामा आहे, असं असेल तर पाणी परत ओढलं जात नाहीये. टोपण, नाहीतर बाटलीकडं जाणारी बारीक नळी चिरलेली. आणि थंड झाल्यावर वरचा होस पाईप चपटा होऊन बसत असेल तर ती मधली व्हॉल्व्ह अडकलीय.

नेहमीची चूक: फक्त बाटलीत बघून "पाणी फुल्ल आहे" म्हणणं. जुन्या गाडीत निदान आठवड्यातून एकदा थंडपणी रेडिएटरचं तोंड उघडून बघायचं.

## टप्पा ४: पाणी टिकतंय का

पाणी कमी होतंय म्हणजे कुठंतरी जातंय. ते "उडून" जात नाही, बंद सिस्टीम आहे ती. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतून गाडी काढायची सवय लागलेली असेल तर ती सवय म्हणजेच आजार.

बॅटरी लावून या क्रमानं बघा. होस पाईपची टोकं आणि क्लिपा, तिथं पांढरा, हिरवा किंवा गुलाबी वाळलेला डाग शोधा, कुलंट वाळलं की रंग मागं राहतो. पाईप दाबून बघा, फुगीर, चिकट, किंवा दाबल्यावर आतून कुरकुर वाजणारा पाईप बदलायचाच. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनला रेडिएटर लांब असतो, त्यामुळं पाईप आणि लोखंडी नळ्या गाडीच्या पोटाखालून लांब जातात, तिथं दगड लागतात, गंज धरतो आणि वर उभ्या माणसाला काही दिसत नाही. खाली वाकून, नाहीतर वॉशिंगच्या रॅम्पवर चढवून बघा. मग वॉटर पंप. त्याच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब येत असेल तर आतलं सील गेलं. इंजिन बंद असताना पंपाची पुली धरून हलवा, खडखड हलत असेल तर बेअरिंग पण गेलं. मग रेडिएटरचे जॉइंट. गाडीला हिटर असेल तर त्याचे पाईप आणि पायाखालची मॅट. मॅट चिकट आणि गाडीत गोडसर वास असेल तर हिटरची कोअर गळतीय.

बेल्ट याच वेळी बघून घ्या. बऱ्याच जुन्या व्हॅनमधे एकच बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. दोन पुलींच्या मधे अंगठ्यानं दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर जावा. चिरा, चमकणारी कड किंवा सुटलेले धागे दिसले तर बदला, आणि जुना बरा असेल तर तो डिकीत टाकून ठेवा, घाटात देवासारखा कामाला येतो.

आता हळदीचं. रेडिएटर गळतोय म्हणून मूठभर हळद टाकायचा उपाय ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे आणि सांगली तर हळदीचीच पेठ, त्यामुळं इथं सल्ला देणारे जास्त. बारीक गळती थोडा वेळ थांबते, खोटं नाही. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि रिड्यूसरच्या पाईपमधे जाऊन बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात चोक रेडिएटर म्हणून परत भेटते. लीक बंद करायच्या पावडरींचं पण तेच. आडरानात अडकलात तर टाका, पण घरी आल्यावर गळती काढून फ्लश करायचं नक्की.

## टप्पा ५: फॅन आणि हवा

ओम्नी-इकोसारख्या गाड्यांना इलेक्ट्रिक फॅन असतो, जुन्या डिझेलला बेल्टवरचा. इलेक्ट्रिक फॅनची टेस्ट सोपी आहे. एसी बंद ठेवून गाडी सुरू करून उभी ठेवा, काटा मध्याच्या जरा वर गेला की फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळानं बंद झाला पाहिजे, परत लागला पाहिजे. लागला आणि बंदच होईना, तर फॅन चालू असून पाणी थंड होत नाहीये.

लागलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायर. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत रेडिएटरवर दोन पिनचा स्विच असतो, त्याचा कप्लर काढून दोन्ही पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की चावी चालू असताना फॅन फिरला पाहिजे. फिरला तर मोटर चांगली, स्विच खराब. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नका, तिथं ज्याच्याकडं स्कॅनर आहे त्याच्याकडं जा.

सावधान: काही गाड्यांत चावी काढल्यावरसुद्धा फॅन अचानक फिरतो. हात, गमछा, ओढणी लांब. फॅनजवळ काम करायचं असेल तर बॅटरीची मायनस काढा.

फॅन रिवाइंड केला किंवा मोटर बदलली असेल तर वारा कुठल्या बाजूला जातोय ते बघाच. वायर उलटी जोडली की फॅन उलटा फिरतो, आवाज तेवढाच येतो आणि सगळ्यांना वाटतं फॅन ओके आहे. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे, बाहेर उडाला तर वायर उलटी आहे. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर मोडलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा, त्याच्याशिवाय फॅन आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो.

रेडिएटरच्या जाळीत किडे, धूळ, आणि गळीत हंगामात ट्रॉल्यांमागं चालून पाचटाचा भुसा बसतो. हे साफ करायचं ते साध्या नळाच्या पाण्यानं, शक्यतो आतल्या बाजूनं बाहेर. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पत्रीच्या पाकळ्या आडव्या होतात आणि साफ करायला गेलेला रेडिएटर कायमचा बंद होतो. एसीची गाडी असेल तर पुढं कंडेन्सर असतो, खरा कचरा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. पुढं लावलेले जास्तीचे दिवे, नंबर प्लेटच्या पट्ट्या, संघटनेचे बोर्ड, जाळीसमोरचं काहीही, एकदा मोकळ्या मनानं विचार करा लागतंय का ते.

## टप्पा ६: थर्मोस्टॅट तपासा, फेकू नका

"आपल्याकडं बर्फ पडत नाही, थर्मोस्टॅट कशाला लागतोय." हे वाक्य साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत सगळीकडं ऐकायला मिळेल. थर्मोस्टॅट काढला की सपाट रोडला इंजिन पूर्ण गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधे चिकट गाळ धरतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो नसला की पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडं न जाता इंजिनमधेच गोल फिरत राहतो, म्हणजे काढून टाकल्यावर घाटात जास्त तापायला लागते. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकानं काढलाय का ते नक्की बघा.

तपासायला अगदी सोपं. काढून दोरीला बांधा, पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. पातेलं जुनं घ्या, परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याला उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि अजून १२-१५ डिग्री वाढल्यावर पूर्ण उघडा पाहिजे. अर्धवट उघडून थांबत असेल तर नवीन. बसवताना त्यावर बारीक भोक किंवा हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. गॅस्केट नवीन वापरा, सिलिकॉनचा लपका मारू नका, जास्तीचा सिलिकॉन आत तुटून नळ्यांत जाऊन बसतो.

## टप्पा ७: फ्लश, भरणं आणि हवा काढणं

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी बोअरचं पाणी. तासगाव, जत, आटपाडी, माण-खटाव, कुठलंही घ्या, ज्या पाण्यानं घरातल्या पाणी तापवायच्या हिटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तेच पाणी रेडिएटरमधे घातलं तर तोच थर आतल्या नळ्यांवर बसणार, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर गंज आहेच. कुलंटचा आपल्याकडचा खरा उपयोग गोठण्यापासून वाचवणं हा नाहीच, गंज आणि अॅल्युमिनियमच्या हेडची झीज थांबवणं हा आहे.

१. थंड गाडीचं खालचं ड्रेन किंवा खालचा होस पाईप काढून सगळं घमेल्यात काढा. काय रंगाचं निघालं ते बघा. तांबूस गाळ म्हणजे गंज, वर तेलकट तवंग असेल तर इथंच थांबा आणि शेवटचा टप्पा आधी वाचा.

२. साधं स्वच्छ पाणी भरून, हिटर असेल तर त्याचा नॉब गरमवर ठेवून, गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, म्हणजे वरचा पाईप एकदम गरम होतो. बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत परत परत. गाळ फारच असेल तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई करून घ्या, पण प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला रॉडिंगपेक्षा नवीन कोअर किंवा नवीन रेडिएटर परवडतो.

३. शेवटचं साधं पाणी पण पूर्ण काढून मग कुलंट. बाटलीवर नीट वाचा: तयार मिक्स असेल तर त्यात अजून पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीच्या पाण्यात साधारण निम्मं-निम्मं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर जास्त थंड राहील हा गैरसमज आहे, शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतो. आणि रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हा काही ठरलेला नियम नाही, कंपनीप्रमाणं रंग बदलतो. दोन वेगळ्या प्रकारची मिसळली तर काही वेळा आत घट्ट साका तयार होतो.

४. आता हवा. लांब पाईपांच्या व्हॅनमधे हवा अडकते म्हणजे अडकतेच. गाडीचं रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल अशा चढावर उभी करा, हँडब्रेक आणि चाकाला दगड. टोपण उघडं ठेवून हळूहळू भरा, ओतायची घाई नको. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करा, बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. इंजिन आयडलला चालू करा, वरचा पाईप हातमोजा घालून दाबत-सोडत राहा, पातळी खाली गेली की भरत राहा. बुडबुडे थांबले आणि फॅन एकदा लागून बंद झाला की टोपण लावा. मधेच पाणी उसळून वर यायला लागलं तर लगेच इंजिन बंद, टोपणाकडं हात नेऊ नका.

तपासा: पुढचे तीन-चार दिवस सकाळी थंड गाडीचं तोंड उघडून बघा. पहिल्या दिवशी थोडी पातळी उतरणं साहजिक आहे. चौथ्या दिवशीही उतरत असेल तर टप्पा ४ ला परत जा.

## टप्पा ८: काट्याच्या जोडीला दुसरा डोळा

आता कुठं गेज, म्हणजे तापमान आकड्यात दाखवणारं मीटर. काही जण पहिल्यांदा गेजच घेतात, चुकीचं नाही, पण गळक्या गाडीत गेज लावून फक्त गाडी कशी मरते ते आकड्यात दिसतं.

२०१३ नंतरच्या पेट्रोल गाडीला बहुतेक करून ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं) मिळेल, त्यात ब्लूटूथचा ॲडाप्टर लावून मोबाईलवर पाण्याचं तापमान डिग्रीत दिसतं. त्याच्या आधीच्या गाडीला बाहेरचं गेज. सेन्सर दोन ठिकाणी बसवतात. वरचा होस पाईप कापून मधे ॲडाप्टर घालून, हे सोपं पण पाणी फिरतंय तोवरच बरोबर सांगतं. दुसरं म्हणजे गोल रिंगचा सेन्सर, जो थर्मोस्टॅट हाऊसिंगच्या किंवा हेडवरच्या एखाद्या छोट्या बोल्टखाली बसतो आणि थेट धातूचं तापमान घेतो. जुन्या व्हॅनला माझं मत या दुसऱ्याला, कारण पाणी गेलं तरी धातू तापतोच आणि हा ओरडतो. हेडचे मुख्य बोल्ट मात्र यासाठी हलवायचे नाहीत. बझर असलेलं घ्या, घाटात वळणावर एसटी समोर असताना कोण डॅशबोर्ड बघत बसतंय.

बंदुकीनं मोजत असाल तर काळ्या रबरी पाईपवर किंवा काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा, चकचकीत धातूवर ती खोटा आकडा देते. रेडिएटरच्या पत्रीवर फिरवली आणि मधेच एखादा पट्टा बाकीपेक्षा बराच थंड लागला तर तो भाग आतून चोक आहे.

गेज लागलं की आधी सपाट रोडवर तुमच्या गाडीचा रोजचा आकडा कळू द्या. तो आकडा डॅशबोर्डवर टेपवर लिहा. त्याच्यापेक्षा १० डिग्री वर गेलं की लक्ष द्यायचं, १५ वर गेलं की थांबायची जागा शोधायची.

## टप्पा ९: घाट चढताना

वाईतून पाचगणीला साधारण १२-१३ किलोमीटरमधे साडेपाचशे मीटरच्या वर चढ आहे. कुंभार्ली आणि आंबा घाटाचं उलटं, कोकणात जाताना उतार आणि परत येताना चढ, त्यात माणसं दमलेली, गाडीत फणस-आंब्याच्या पेट्या भरलेल्या, आणि पाणी बघायला कुणाला आठवत नाही. खाली चिपळूणला किंवा साखरप्याला जेवणाला थांबाल तेव्हा बाटलीतली पातळी बाहेरूनच नजरेनं बघून घ्या.

चढाला वरच्या गिअरमधे रेटत नेऊ नका. आरपीएम पडला की वॉटर पंप हळू फिरतो आणि इंजिनवर लोड मात्र पूर्ण असतो. वेळेवर खालचा गिअर, ॲक्सिलेटर हलका. काटा हलायला लागला की पहिलं एसी बंद, मग हिटर असेल तर हिटर आणि ब्लोअर पूर्ण गरमवर आणि काचा खाली. मे महिन्यात घरचे ओरडतील, ओरडू द्या. ट्रकच्या बुडाला चिकटून चढू नका, त्याची गरम हवा थेट तुमच्या रेडिएटरवर येते.

## टप्पा १०: काटा वर गेलाच तर

काटा थोडाच वर गेलाय, वाफ नाही, फॅन चालू आहे: वळण सोडून रुंद जागी थांबा, न्यूट्रल, इंजिन चालू ठेवून जरासा आरपीएम द्या. दोन-तीन मिनिटांत खाली यायला लागला पाहिजे. नाही आला तर बंद.

लाल, वाफ, गोड वास, काटा अचानक खाली पडला, किंवा काट्याबरोबर बॅटरीचा दिवा पण लागला: लगेच बंद. बॅटरीचा दिवा म्हणजे बहुतेक बेल्ट तुटलाय आणि पंप फिरतच नाहीये. "वर पाचगणीत गेल्यावर बघू" म्हणत नेलेल्या गाडीचं हेड वाकतं.

चाकाला दगड लावा, आणि निघताना तो दगड काढून बाजूला टाका, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा विचार करा. माणसं आधी खाली उतरवा, मग सीट उचला, कारण वाफ थेट तोंडावर येते.

सावधान: टोपण किमान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. वरचा पाईप जाड फडक्यानं दाबून बघा, कडक असेल तर आत प्रेशर आहे. मऊ झाल्यावर फडकं टाकून तोंड लांब ठेवून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स संपली की मग काढा.

गरम इंजिनवर किंवा आत गार पाणी ओतायचं नाही, अॅल्युमिनियमच्या हेडला तडा जातो. थंड झाल्यावर, इंजिन आयडलला ठेवून, थोडं थोडं. अडचणीत बिसलेरी काय, ओढ्याचं गाळलेलं पाणी पण चालतं, फक्त घरी आल्यावर ते काढून टाका. ओतलेलं पाणी खालून तसंच गळत असेल किंवा पाच-दहा मिनिटांत काटा परत वर जात असेल तर टोचन करून घ्या. टोचनचा खर्च हेडच्या कामापुढं काहीच नाही.

## टप्पा ११: तापून गेल्यानंतरची तपासणी

गाडी एकदा लाल झाली की पाणी भरून चालू झाली म्हणजे वाचली असं धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बघा.

ऑइलची पट्टी आणि ऑइल भरायचं टोपण: दुधाळ चिकट थर असेल तर पाणी ऑइलमधे जातंय. टोपणाखाली थोडासा फेस थंडीत लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीला पण येतो, पट्टीवर पण असेल तर मात्र गंभीर. रेडिएटरचं तोंड उघडून थंड गाडी चालू करा: हवा काढून झालेली असूनही सलग बारीक बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा पाईप कडक फुगत असेल तर तेच. सायलेन्सरमधून पांढरा धूर, जो गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही आणि वास गोडसर. बाहेर कुठंही गळती नाही तरी पाणी कमी होतंय.

यातलं एक जरी सापडलं तरी गाडी चालवायची थांबवा, विशेषतः ऑइल दुधाळ असेल तर, त्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. मिस्त्रीला "हेडखालचं गॅस्केट बदल" एवढंच सांगू नका. हेड उतरवलं की सरळ पट्टी ठेवून ते वाकलंय का बघायला लावा, गरज असेल तर मशीनवर फेसिंग म्हणजे घासून सपाट करणं, तड्यासाठी प्रेशर टेस्ट, नवीन गॅस्केट, बोल्ट पुस्तकातल्या क्रमानं आणि टॉर्क पान्यानंच आवळायचे. अंदाजानं आवळलेलं हेड थोड्याच दिवसांत परत उतरवावं लागतं. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला. गाडी परत घेताना जुनं गॅस्केट मागून घ्या आणि जळालेली जागा कुठल्या सिलिंडरजवळ आहे ते मिस्त्रीसमोरच बघा. त्यानंतर टप्पा ३ पासून परत सुरू, कारण गॅस्केट ज्यामुळं गेलं ते कारण अजून गाडीतच असण्याची शक्यता जास्त.